मुलाचा मासा, यांचं पाणी

दुकानदार गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप पर्सच्या चेनवर जातो. स्वभावच तो, आणि मला त्याची काडीची लाज नाही. आमच्या घरात जी म्हणून फसवणूक शिरली ती "काकू, डोळे मिटून घेऊन जा" म्हणणाऱ्यांच्याच हातून शिरली. गळका कूलर तसाच आला, पहिल्याच हिवाळ्यात बसलेली गादी तशीच आली, आणि मुलाचा मासाही तसाच आला.

मुलगा कॉलेजात असताना त्यानं तो आणला. तेव्हा बोटाएवढा होता. सोबत काही सोनेरी मासेही होते, गरीब बिचारे, शेपट्या हलवत फिरणारे. "हा मोठा नाही ना होणार?" मी दुकानदाराला बजावून विचारलं होतं. "नाही हो काकू, हा एवढाच राहते," म्हणत त्यानं अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. मग घरी सोनेरी मासे कमी व्हायला लागले. माझा पहिला संशय बाल्कनीतून येणाऱ्या मांजरीवर. मी टँकच्या झाकणावर पोळपाट ठेवला, त्यावर वरवंटा ठेवला. तरी मासे कमीच. एका दुपारी बघते तर काय, या बोटभर बाळाच्या तोंडातून सोनेरी शेपटी बाहेर लोंबत होती! मी अशी किंचाळले की मुलगा आंघोळ सोडून धावत आला. त्याला हसू आवरेना. "आई, हा ऑस्कर आहे. शिकारी मासा," म्हणाला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

पुढं तो मासा वाढला, वाढला, माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत झाला. काळा, अंगावर नारंगी डाग, जाड ओठ आणि गरगर फिरणारे डोळे. मुलाच्या हातून कोळंबी घ्यायचा. मी समोरून गेले की काचेला तोंड लावून मला न्याहाळायचा. मीही त्याला न्याहाळायची. आमचं एकमेकांवर बारीक लक्ष होतं, एवढं खरं.

मग मुलाला हैदराबादला नोकरी लागली. जाताना बॅग दारात ठेवून तो टँकपुढं उभा राहिला. "बाबा, याले सांभाळा," म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "आई, तू पण." ते 'तू पण' माझ्या कानाला खटकलं. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं की हा मासा मला नको होता. मी कधी लपवलंच नव्हतं. दिवाणखान्यात मांस खाणारं जनावर ठेवायचं, त्याला रोज कोळंबी खायला घालायची, आणि वर त्याचा वास सोसायचा, हे कोणत्या घरात चालतं?

त्याच सुमारास हे निवृत्त झाले. हे म्हणजे मुलाचे बाबा, माझे यजमान. यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात गेली, पाणी शुद्ध करायच्या विभागात. कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही धरमपेठेच्या पलीकडं फ्लॅटमध्ये आलो, आणि हे एकदम मुके झाले. बनियनवर सोफ्यात बसून राहायचे. तिथं कोळशाची राख झटकता झटकता माझा जन्म गेला, पण तिथं यांना दिवसातून दहा माणसं विचारायला यायची, "साहेब, पाणी सोडू का?" इथं कोण विचारतं? बिल्डिंगचा चौकीदारसुद्धा मोटर आपल्या मर्जीनं लावायचा. मला भीतीच वाटायला लागली होती या शांतपणाची. मग एक दिवस हे खुर्ची ओढून टँकपुढं बसले आणि मुलाला फोन लावून म्हणाले, "याचा फिल्टर पुरून नाही राहिला रे. पाणी गढूळ दिसते."

ते खरंच होतं. टँकच्या आत चिकटवलेला छोटा फिल्टर होता, त्यात एक स्पंजचा तुकडा. बोटभर माशासाठी ठीक होता. पण हा आता कोळंबी खायचा, कोंबडीचं काळीज खायचा, खाताना निम्मं सांडायचा आणि बाकीचं दुसऱ्या बाजूनं पाण्यातच सोडायचा. दोन दिवसांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं व्हायचं. मुलगा म्हणाला, मोठा फिल्टर घ्या, शिकारी माशाची घाण जास्त असते. यांच्या अंगात वारंच शिरलं. त्याच दिवशी शर्टला इस्त्री करून हे तयार. "तू पण चाल," म्हणाले. म्हटलं, येतेच. मी नसले तर तो दुकानदार यांना आख्खं दुकान गळ्यात बांधेल.

दुकानदारानं आधी आम्हाला पाणी दिलं. मी प्यायले नाही. मग त्यानं झाकणाचा एक मोठा डबा काढला. हा टँकच्या खाली कपाटात ठेवायचा. नळीनं घाण पाणी खाली येणार, डब्यातल्या स्पंजातून आणि भुरभुरीत दगडांतून जाणार आणि मोटर ते स्वच्छ करून वर फेकणार.

"आणि या दगडाचं काय काम?" मी विचारलं.

"त्याच्यात जंतू राहते, काकू. तेच माशाची घाण खाते. पाण्यातलं जहर मारते."

"म्हणजे आम्ही विकत जंतू न्यायचे?"

"जंतू विकत नाही, काकू. ते फुकट येते, आपोआप. थोडे दिवस लागते फक्त."

फुकट हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. मी डबा उलटा करून पाहिला. बुडाला 'इम्पोर्टेड' असा स्टिकर, तोही तिरपा. मी नखानं त्याचा कोपरा उचलला, तर खाली आणखी एक स्टिकर! दुकानदार म्हणाला, "तो बारकोड आहे काकू." असेल. मी काही त्याच्यासमोर बोलले नाही, पण मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

यांचा संशय वेगळाच होता. यांना डबाच पसंत नव्हता. "मी पाण्यात जन्म काढला, मले हा प्लास्टिकचा डबा शिकवून राहिला?" घरी येऊन यांनी कागदावर नकाशा काढला. टँकच्या खाली दुसरा टँक, त्यात कप्पे, वरचं पाणी सांडून खाली यायचं, खालून पंपानं वर जायचं. "शिकारी मासे पाळणारे लोक असंच करते. पाणीही जास्त मावते, घाणही पटकन निघते."

"आणि लाईट गेली तर?" मी विचारलं. "वरचं पाणी सांडत राहील ना खाली? खालच्या मजल्यावरची बाई छतावरून टपटप व्हायला लागलं की वर भांडायला येईल. मी तिच्यासमोर उभी राहू का तुमचा नकाशा घेऊन?"

"लाईट जाईन?" हे उसळले. "माझ्या घरची लाईट जाईन?"

वीजकेंद्रातल्या माणसासमोर लाईट जाण्याची गोष्ट काढायची म्हणजे त्याच्या आईवर जाणं. दोन दिवस जेवताना आम्ही फक्त "वाढू का" आणि "नको" एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणे, आणि कूलरसमोर घामाघूम बसलेल्या यांनी नकाशा मुकाट्यानं घडी करून ठेवला.

तर डबा आला. मी घरी तो पुन्हा उघडून पाहिला, मोटर हातात धरून पाहिली, रबराची रिंग ओढून पाहिली. रात्रभर खाली पितळी परात ठेवली, गळला तर कळावं म्हणून. गळला नाही. पाणीही काही दिवसांत असं निवळलं की मागची भिंत दिसायला लागली. मासा खूष होता. काचेला तोंड लावून पुन्हा मला न्याहाळायला लागला. इथं गोष्ट संपायला हवी होती, पण यांचं समाधान झालं तर ना.

डबा माणसाला करायला काही ठेवत नाही, हीच यांची अडचण. पाणी स्वच्छ, मासा बरा, मग आता दिवसभर काय करायचं? एक दिवस हे कोराडीच्या जुन्या सोबत्याला भेटून आले. तो आता फॅक्टऱ्यांना पाणी शुद्ध करायचं सामान पुरवतो. येताना यांनी पिशवीतून मोहरीसारखे तांबूस दाणे आणले, एक प्लास्टिकचा जाड पाईप आणला आणि पाण्यातला क्षार मोजायचं पेनासारखं एक मीटर आणलं. दाणे पाईपात भरले, डब्यातून वर जाणारं पाणी त्या पाईपातून फिरवलं.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"रेझिन. पाण्यातला सगळा क्षार ओढून घेते. आपल्या बोअरच्या पाण्याची हार्डनेस पाह्यली का तू? गीझरचा रॉड कसा झाला पाह्यला ना? असं पाणी काय त्याले देऊन राहिलो आपण!"

इथं थोडं सांगायला हवं. बॉयलरच्या नळ्यांत जायचं पाणी आपल्या पाण्यासारखं नसतं. त्यात क्षाराचा कणही गेला तर नळीला आतून थर बसतो, नळी फुटते, युनिट बंद पडतं आणि त्या पाळीच्या माणसाला वरपर्यंत जाब द्यावा लागतो. यांची झोप नोकरीभर त्या एका कणानं उडवलेली. हार्डनेस हा शब्द हे असे उच्चारायचे, जसं लोक गल्लीतल्या चोराचं नाव घेतात. यांच्या लेखी चांगलं पाणी एकच, ज्यात काहीच नाही ते. हे मीटर पाण्यात बुडवायचे, आकडा खाली उतरला की खुर्चीतून अर्धे उठायचे. "पाह्य, पाह्य! बॉयलरले चालन असं पाणी झालं!" किती महिन्यांनी हा माणूस एवढ्या जोरात बोलला होता. मी म्हटलं, चला, झालं तर झालं.

मलाही एक फायदा दिसला. आमच्या बोअरच्या पाण्याची बादली, माठ, नळ, सगळ्यावर पांढरी रेघ पडते. टँकच्या काचेवरही पाण्याच्या काठाला ती पडायची, आणि लिंबू लावून ती मलाच घासावी लागायची. आता रेघ पडेनाशी झाली. काच आरशासारखी. फिल्टरवाल्यानं फसवलं नाही, यांनीही घोटाळा केला नाही, असं वाटून मी जरा सैल पडले. आणि मी सैल पडले की काहीतरी होतंच.

माशानं खाणं टाकलं. आधी वाटलं नाटक करतोय. हा मासा रुसतो, हे आम्हाला माहीत होतं. टँकमधला दगड हलवला तरी तो दिवसभर तळाला आडवा पडून राहायचा, मेल्यासारखा, आणि डोळा मात्र आपल्यावर. पण या वेळी डोळाही फिरत नव्हता. पंख अंगाला चिकटलेले, कल्ले भराभर हलणारे. कोळंबी नाकाशी गेली तरी तोंड फिरवायचा. नको होता मला मासा, पण तो माझ्या दिवाणखान्यात मरायलाही नको होता.

हे चवताळले. पहिला संशय दुकानदारावर. दगड डुप्लिकेट, जंतू खोटे, मोटरमधून करंट उतरतो. हे जाऊन भांडून आले. दुकानदारानं म्हणे शांतपणे विचारलं, पाणी तपासलं का? यांना ते लागलं. मला पाणी तपासायला सांगतो! मग दुसरा संशय देवघरातल्या उदबत्तीवर, तिसरा वरच्या मजल्यावरच्या रंगकामावर. असा फिरत फिरत तो माझ्यापर्यंत कधी आला, मला कळलंसुद्धा नाही.

मी स्वयंपाकघरात कणिक मळत होते. दिवाणखान्यात हे मुलाशी फोनवर बोलत होते. आवाज हळू केला होता, म्हणून तर माझ्या कानावर आला. "फिल्टर बरा आहे रे. पाणी तर एकदम टॉप. पण तुझी आई रोज फिनाईलनं पोछा मारते ना टँकच्या बुडाशी. हात तसाच पाण्यात घातला असन. मुद्दाम नाही म्हणत मी. पण तिले तो पहिल्यापासूनच नको होता ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. कणकीचा हात तसाच घेऊन मी बाहेर आले, तर यांनी फोन ठेवून दिलेला. "काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? माझ्या नावानं बिल फाडलं तुम्ही, तो काय म्हणाला?"

हे माशाकडं बघत म्हणाले, "म्हणे, आईले सांगा, काही दिवस फिनाईल नका वापरू."

म्हणजे पोरानं मानलं. एका क्षणात मानलं. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, त्याच्या तापात रात्री काढल्या, आणि त्याच्या माशाला मी विष घालेन असं त्याला खरं वाटलं. सगळ्या जगावर मी संशय घेतला असेल, पण माझ्यावर कोणी घ्यावा, तोही माझ्याच घरात? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. फिनाईलची बाटली मी यांच्यासमोर उचलून बाल्कनीत ठेवली, साध्या पाण्यानं पोछा मारला आणि म्हटलं, आता बघू कोण मरतं आणि कोणामुळं.

मासा काही सुधारला नाही. आठवडा गेला तरी नाही. आता माझ्यासाठी तो मासा जगणं भाग होतं. मेला असता तर जन्मभर तो माझ्या पदरात पडला असता, आणि दर दिवाळीला घरी आलेला मुलगा रिकाम्या टँककडं बघून गप्प बसला असता. मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले.

एक दिवस हे फिरायला गेले तेव्हा मी सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत टँकचं पाणी भरलं, दुसरीत आमच्या बोअरचं. टँकच्या बाटलीच्या बुडाखाली लाल दोरा चिकटवला, दिसणार नाही असा, आणि ऑटो करून दुकानात गेले.

"यातलं माझ्या टँकचं कोणतं?" मी म्हटलं.

"काकू, ते तुम्हाले मालूम. मले काहून विचारता?"

"तुम्ही तपासा आणि तुम्ही सांगा. आधी तुमच्या दुकानातल्या टँकचं पाणीही तपासा माझ्यासमोर. मला बघायचंय तुमचे तपासायचे थेंब खरं बोलतात का."

तो हसला. "तुम्ही पोलिसात पाह्यजे होत्या, काकू." पण त्यानं तपासलं. काचेच्या छोट्या नळ्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले. दुकानाचं पाणी हिरवं झालं. आमच्या बोअरचं निळं. आणि लाल दोऱ्याचं पाणी पिवळं, लिंबासारखं. त्यानं ती नळी उजेडात धरली आणि त्याचं हसू गेलं. "हे तुमच्या टँकचं. आंबट झालं पूर्ण. आणि क्षार? जवळपास काहीच नाही याच्यात. आरओचं पाणी भरून राहिले का तुम्ही? अशा पाण्यात ते दगडातले जंतू काम नाही करत काकू, सुस्त पडते. मग घाण तशीच राहते. एवढा मोठा मासा, रोजची एवढी घाण, कशी सोसन तो?"

मग त्यानं लगेच मागच्या फळीवरून क्षाराचं पाकीट काढलं. आता आला मुद्द्यावर, मी मनात म्हटलं, आणि पाकीट न घेताच निघाले. पण ऑटोत बसल्यावर मला आठवलं, आणि मी ऑटोवाल्याला उगीचच "थांबा" म्हणाले.

मुलगा तान्हा होता तेव्हाची गोष्ट. कॉलनीत सगळेच ते बॉयलरचं पाणी कॅनमधून घरी आणायचे, बॅटरीत घालायला, इस्त्रीत घालायला. बायकांनी नुसतं ऐकलेलं की ते जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी. मीही एक दिवस त्या कॅनमधलं पाणी उकळून बाळाची दुधाची बाटली भरली. हे ड्युटीवरून आले आणि त्यांनी माझ्या हातातून बाटली हिसकली. मोरीत ओतली. "ते पाणी पिण्याचं नाही वं! त्याच्यात काहीच नसते. जीवाले काहीच नसलेलं पाणी चालत नाही!" असे ओरडले की शेजारीण दारात आली. तो माणूस आणि हा माणूस एकच. ज्याला पोराच्या बाटलीत जे कळलं, ते त्याला पोराच्या माशाच्या टँकमध्ये कळू नये? राग तर आलाच होता, पण खरं सांगते, मला आनंदही होत होता. आता सापडला. आता मी याला सोडणार नव्हते.

घरी आले. हे अजून फिरून यायचे होते. मी सरळ टँकच्या खालचं कपाट उघडलं, तो पाईप यांच्यासमोर काढून ठेवायला.

पाईप नव्हता.

नळ्या सरळ जोडलेल्या. डब्यातून थेट वर. मी शोधलं. बाल्कनीत कूलरच्या मागं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. फिल्टरच्या डब्यात दगडांच्या वर पांढऱ्या संगमरवरी चिपांची पुरचुंडी होती, जाळीत बांधलेली, पाण्यात क्षार परत उतरावा म्हणून. आणि टँकमागं बादली, बोअरच्या पाण्यानं भरलेली, काठाला पांढरी रेघ. मग मला गेले काही दिवस पहाटे ऐकू येणारा बादलीचा आवाज आठवला. मी समजत होते मोटरची वेळ बदलली. हे थोडं थोडं पाणी बदलत होते. एकदम बदललं तर मासा दगावेल, हे यांना ठाऊक होतं. म्हणजे आधीच उमगलं होतं. काही दिवसांपूर्वीच उमगलं होतं, आणि तेवढे सगळे दिवस मी साध्या पाण्यानं पोछा मारत होते.

हे आले. चपला काढता काढताच टँकजवळ गेले, एक कोळंबी सोडली. मासा तळातून उठला. हळूच आला, कोळंबीकडं पाहिलं आणि गट्ट केली. यांचा चेहरा फुलला.

"पाह्यलं? खाल्लं! फिनाईल बंद केलं ना तू, म्हणून."

मी बाल्कनीत गेले, तो गुंडाळलेला पाईप आणला आणि जेवणाच्या टेबलावर आपटला. कागद फाटून तांबूस दाणे सगळीकडं उडाले, फ्रीजखाली गेले, देवघरापर्यंत गेले. शेजारी लाल दोऱ्याची बाटली ठेवली.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

हे दाणे खाली वाकून वेचायला लागले, एकेक.

"ते राहू द्या! मी विचारून राहिले, हे काय आहे? कधी कळलं तुम्हाले?" मी एरवी अशी बोलत नाही, पण राग आला की माझ्या तोंडातून माहेरची बोली निघते.

"झाले चारपाच दिवस."

"आणि मले काहून नाही सांगतलं?"

यांनी वेचलेले दाणे मुठीत गोळा केले. मग खालीच बसून म्हणाले, "पाणी बिघडवलं मी, असं कसं सांगू वं? मले दुसरं येते काय?"

"तुम्हाले पाणी येते, हे मले माहीत आहे. पूर्ण कोराडीले माहीत आहे. पण माझ्या पोराले काय माहीत आहे? त्याले हे माहीत आहे की त्याची आई मासे मारते. ते कोण पुसन? ते माझ्या पोछ्यानं निघन काय?"

"सांगीन मी त्याले."

"आत्ता सांगा. माझ्यासमोर. स्पीकरवर ठेवा. तुम्ही हळू आवाजात काय बोलता ते मी ऐकलं आहे एकदा."

यांनी चष्मा पुसला, फोन घेतला. सोफ्यात बसले. मी मागं उभी राहिले, सोफ्याच्या पाठीवर हात ठेवून. मुलानं पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? ऑस्कर ठीक आहे ना?"

"ठीक आहे. खाल्लं आज. ऐक ना..." यांनी टँककडं पाहिलं. "त्याचं पाणी माझ्यामुळं बिघडलं होतं. मीच रेझिन लावलं होतं, सगळा क्षार काढून टाकला. फिनाईलचा काही संबंध नाही. आईचा काही संबंध नाही."

मला वाटलं, आता म्हणेल, अरे बापरे, मी आईला काय समजलो. माझे डोळे आधीच भरून आले होते.

मुलाचा आवाज आला, अगदी हळू, "बाबा, आई बाजूले उभी आहे का? तिनं लावलं का तुम्हाले असं बोलायले?"

ओरडावंसं वाटलं, आणि तोंड उघडलं असतं तर त्याचंच खरं झालं असतं. यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर होते. कसली तरी खूण करायचंही मला सुचलं नाही.

"नाही रे," हे म्हणाले, सहज, जणू रोजचंच बोलत असावेत. "तुझी आई कुठं घरी आहे? भाजी आणायले गेली ती. मी आपल्या मनानं सांगून राहिलो तुले."

"खरंच, बाबा?"

"खरंच. चूक माझी होती. ती आल्यावर तू तिले फोन कर आणि दोन शब्द नीट बोल."

मी दुसऱ्या हातानं बांगड्या दाबून धरल्या आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत श्वास रोखून तशीच उभी राहिले.